कडी तर लावलेली होती

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. कुरणाच्या फाटकाची. कडीला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. मलाही हल्ली माझं फार कौतुक उरलेलं नाही.

घोड्याच्या एका झिजलेल्या नालापासून लोहाराने मला घडवलं. नाल तापवला, सरळ केला, टोकाला आकडा काढला आणि ऐटीत म्हणाला, "घ्या! हत्ती आला तरी निघायची नाही." हत्ती काही आला नाही. पण फाटकाच्या आत ठुमकी होती, दूधवाल्याची घोडी. विटकरी रंगाची, मान डोलवत चालणारी. सकाळी ती दुधाच्या कॅनची गाडी ओढायची आणि दुपारपासून कुरणात चरायची.

फाटकाच्या बाहेर, घराला लागून कण्हेर होती. गुलाबी फुलांनी लगडलेली आणि पानापासून मुळापर्यंत विषारी. घोडा असो, गाय असो की शेळी, थोडीशी पानंसुद्धा जीव घेतात. ठुमकी लहान असताना तिने एक पान चावलं आणि कडू लागलं म्हणून लगेच थुंकून टाकलं. दूधवाला मात्र घरात धावला. तो कुऱ्हाड घेऊनच आला. त्याची थोरली बहीण, आक्का, झाडापुढे उभी राहिली.

"आईने लावलंय ते. हात लावून तर बघ!"

चार दिवस दोघांची बोलचाल बंद होती. शेवटी त्याने कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि मला ठोकलं. कण्हेर बाहेर, ठुमकी आत, मधे मी.

बारा वर्षं मी तिला आत ठेवलं. ठुमकी भारी डांबरट! नाकाने मला वर ढकलायची, ओठांत धरून ओढायची. मी ढिम्म. दूधवाला हसायचा, "या कडीएवढी हट्टी या घरात आणखी एकच आहे, आमची आक्का." आक्का आतून ओरडायची, "ऐकू येतंय मला!" मला मात्र मूठभर मांस चढायचं. तेव्हा महिन्याला तेलाचे दोन थेंब मिळायचे. पुढे तेही बंद झाले, गंज चढला, कुणी माझ्याकडे बघेना. तरी मी काम चुकवलं नाही.

मग यंदाच्या वादळात कण्हेरीची मोठी फांदी कुंपणावरून आत झुकली. दूधवाला त्या फांदीकडे नुसता बघत उभा राहिला. ते आक्काला लागलं. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गेल्यावर ती कोयता घेऊन आली आणि ती फांदीच नव्हे, अर्धं झाड छाटलं. डोळे पुसत म्हणाली, "रागावू नकोस गं आई. फुलं काय, परत येतील. मुका जीव परत यायचा नाही."

अंगण तिने नुकतंच झाडलेलं होतं. तिथे पसारा नको म्हणून तिने मला उचललं, फाटक उघडलं आणि तो सगळा भारा कुरणात नेऊन पाण्याच्या टाकीमागे रचला.

"हिरव्याला ती तोंड लावत नाही, वाळलेल्याला कशाला लावेल? रविवारी खड्डा करून पुरू," असं पुटपुटत ती बाहेर आली. मला लावलं. दोनदा ओढूनही पाहिलं.

मी नीट लागले होते, मित्रांनो. विष आत आणि मी घट्ट लागलेली.

दूधवाला परतला तेव्हा छाटलेलं झाड बघून तो जागीच थबकला. "आक्का, तू?" एवढंच म्हणाला. फांद्या कुठे गेल्या, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठुमकी टाकीमागे गेली. पानं कुरकुर वाजायला लागली. मी काय करणार? वारा आला तेव्हा जीव खाऊन खडखडले. आक्का दारात शिवण घेऊन बसली होती. तिने मान वर केली, म्हणाली, "मेली ही कडी, तेल घालायला हवं," आणि परत सुईत दोरा ओवला.

थोड्या वेळाने ठुमकी फाटकाशी आली. माझ्यावर नाक टेकून उभी राहिली. ढकललं नाही, ओढलं नाही. तिचे पाय थरथरत होते.

गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी टाकीमागे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, वाळल्यावर कडूपणा कमी होतो. विष तेवढंच राहतं." त्यांनी जमेल ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ठुमकी गेली. दूधवाला आक्काला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता कुरणात गवत गुडघ्याएवढं वाढलंय. रोज संध्याकाळी आक्का तेलाची बाटली घेऊन येते, मला दोन थेंब घालते, लावते, दोनदा ओढून बघते. आत कुणी नाही.

मित्रांनो, विषारी झाड छाटलंत तर त्याचं पान न् पान उचला आणि जनावर पोचणार नाही अशा जागी त्याच दिवशी पुरा. रविवारची वाट बघू नका. मी ओरडून सांगायला गेले, तर तुम्हाला वाटेल, कडीला तेल हवंय.