तिसरी श्रेणी

मंगळवारी, तीन जूनला, सकाळी दहाला चार मिनिटं कमी असताना नगरपालिकेची पांढरी छोटी गाडी इमामियांच्या घरासमोर थांबली. पाहणीसाठी आलेल्या बाईंचं नाव होरिएदा. दार मुत्सुएने उघडायचं असं ठरलं होतं. उघडलं तिच्या नवऱ्याने.

कियोनोबु इमामिया, वय चौऱ्याऐंशी. दाढी केलेली, शर्ट खोचलेला, गळ्यात टाय. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी शर्टाचं एकही बटण स्वतःच्या हाताने लावलं नव्हतं. त्या सकाळी सगळी लावली होती, आणि बरोबर लावली होती.

चूक मुत्सुएची होती. पाहुण्या बाईंसमोर नवरा पारोसा बसलेला बरं दिसणार नाही, म्हणून तिने आदल्या संध्याकाळी त्यांना सांगून ठेवलं होतं. उद्या ऑफिसातून बाई येतील, चार प्रश्न विचारतील, परीक्षाच म्हणा ना. एकतीस वर्षं वाहन परवान्याच्या चाचण्या घेतलेल्या माणसापुढे तिने नेमका तोच शब्द वापरला.

एप्रिलमध्ये तिने एकटीने तीन वृद्धाश्रम पाहिले होते. पहिल्यात सगळे जण टीव्हीकडे तोंड करून बसले होते आणि टीव्ही बंद होता. दुसरा स्वच्छ होता, पण रेल्वेने दोन तासांवर. एकोणऐंशीव्या वर्षी ती आठवड्यातून किती वेळा जाणार? तिसरा टेकडीवर, बसने पंधरा मिनिटं. फाटकाला कुलूप होतं, पण आत बागेभोवती एक पायवाट होती, फिरून पुन्हा त्याच दाराशी येणारी. दिवसभर चालत सुटणारा माणूस तिथे हरवला नसता. मुत्सुएने त्या वाटेवर उभ्या उभ्याच ठरवून टाकलं.

माणसाला किती देखभाल लागते ते पाहून नगरपालिका श्रेणी देते, आणि तो आश्रम तिसऱ्या श्रेणीपासून पुढचेच रुग्ण घेई. कियोनोबुंची श्रेणी दुसरी. मुत्सुएने फेरतपासणीचा अर्ज केला होता; होरिएदा त्यासाठीच आल्या होत्या. आश्रमातले एक गृहस्थ इस्पितळात हलवले गेले होते आणि परत येणार नव्हते. तिसऱ्या श्रेणीचा कागद जूनअखेर हाती आला, तर ती खोली इमामियांची. नाहीतर यादीतल्या पुढच्याची.

होरिएदांनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. उत्तरं चटचट आली. दोन्ही हात वर झाले. एका पायावर ते मोजून पाच सेकंद उभे राहिले.

"आत्ता कोणता ऋतू चालू आहे, इमामिया-सान?"

"उन्हाळा लागलाय. तुमच्या गाडीला मात्र अजून हिवाळ्यातले, बर्फावर चालवायचे टायर आहेत. बदलून घ्या, ब्रेक लागायला वेळ लागतो."

होरिएदा हसल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुत्सुएला हसू आलं नाही.

मग टेबलावर तीन वस्तू मांडल्या गेल्या: पेन, घड्याळ, चष्मा. नीट बघून ठेवा, असं सांगून होरिएदांनी त्या उचलल्या आणि गप्पा सुरू केल्या. पाच मिनिटांनी दोनच वस्तू परत ठेवल्या. तिसरी कोणती, ते सांगायचं होतं. मुत्सुए श्वास रोखून बसली. हा माणूस चुकावा असं लग्नाच्या छप्पन्न वर्षांत तिला आज पहिल्यांदाच वाटत होतं.

"घड्याळ," ते म्हणाले.

उत्तर बरोबर होतं, आणि तिची मान अभिमानाने आपोआप ताठ झाली. मागाहून तिला त्याचीच जास्त लाज वाटली.

आता होरिएदा तिच्याकडे वळल्या. घरात काही त्रास होतो का? चिडणं, घराबाहेर निघून जाणं, हात उगारणं?

चौदा मेच्या दुपारी मुत्सुए सायकल बाहेर काढत होती. 'थांबा'ची पाटी दिसली नाही का, म्हणत त्यांनी तिचं मनगट धरून पिरगळलं होतं. काळानिळा डाग अजून पूर्ण गेला नव्हता. तिने बाही पुढे ओढली. कियोनोबु हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून तिच्याकडे बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या उमेदवारासारखे.

"विशेष काही नाही. थोडं विसरतात, एवढंच."

मुलगी चिहो हिने फोनवर बजावलं होतं की, बाबांसमोर जमलं नाही तर त्या बाईंना गाडीपर्यंत पोचवायला जा आणि तिथे सगळं सांग. पण पाहुण्याला गाडीपर्यंत पोचवायचं, तर घरचा कर्ता पुरुष मागे कसा राहील? कियोनोबु बूट घालून आले. होरिएदांना गाडी मागे घेताना हाताने इशारे केले. गाडी वळणाआड जाईपर्यंत दोघं नवराबायको शेजारी शेजारी वाकून उभे होते.

"कोण आलं होतं गं?" पायरी चढताना त्यांनी विचारलं.

अकरा वाजेस्तोवर पँट ओली झाली होती आणि टाय सोडवू पाहणाऱ्या मुत्सुएला ते ढकलत होते.

दुपारी चिहोचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आई, तू त्यांना पास करून टाकलंस."

होरिएदा चार चाळीसला ऑफिसात परतल्या. मुत्सुएने न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून त्यांना फोन केला. मनगट, सायकल, ओले कपडे, तीनदा पोलिसांनी घरी आणून सोडणं, असं अकरा मिनिटं ती हलक्या आवाजात सांगत राहिली.

"सकाळी का नाही बोललात?"

"त्यांच्यासमोर कशी बोलू, बाई? जन्मभर लोकांना पास-नापास करत आलेला माणूस तो."

मनगट डॉक्टरांना दाखवलं का, असं होरिएदांनी विचारलं. नाही, मुत्सुए म्हणाली. कशाने झालं हे डॉक्टरांनी विचारलंच असतं. मग होरिएदा म्हणाल्या की सकाळी जे डोळ्यांनी पाहिलं ते तसंच लिहीन, फोनवर ऐकलं तेही तसंच लिहीन. कशाला किती वजन द्यायचं ते श्रेणी देणारी समिती ठरवील.

समितीची बैठक एकोणीस जूनला, गुरुवारी झाली. टेकडीवरची खोली त्याआधीच धुऊन पुसून तयार होती. चोवीस तारखेच्या टपालात विजेचं बिल आणि दातांच्या दवाखान्याचं कार्ड आलं. निकाल कळवणारं नगरपालिकेचं पाकीट नव्हतं. दुपारी दोन वाजता आश्रमातून फोन आला: खोली रिकामी पडून आहे, यादीतल्या पुढच्या कुटुंबाला आत्ताच कळवायचं का? मुत्सुएने सोमवारपर्यंत, म्हणजे तीस तारखेपर्यंत थांबायची विनंती केली. विचारून सांगतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी सहापर्यंत त्यांचा फोन आला नव्हता.