आत्याबाईंच्या जागी

"परिचारिका म्हणजे मानवजातीची दुसरी आई! पहिली जन्म देते, दुसरी तो टिकवते!" ट्यूटर मॅडमनी जाहीर केलं आणि वाक्याला वजन यावं म्हणून समोरच्या रबरी बाईच्या पोटावर थाप मारली. पोट निसटलं. आतलं रबरी बाळ गडगडत गेलं आणि कचऱ्याच्या बादलीला टेकून थांबलं.

वर्गात कुणी हसलं नाही. हसणारीच्या हाती झाडू येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रबरी बाईला मुली आत्याबाई म्हणत. कॉलेज निघालं तेव्हापासून त्यांना नववा महिना लागलेला होता आणि कधी कुरकुर म्हणून नव्हती. आज पोटाची कडीच तुटली.

"सोमवारी परीक्षा, आणि यांना आजच मोकळं व्हायचं होतं!" मॅडम म्हणाल्या. "आता पोट कुणाचं तपासायचं? मी झोपू?"

"मी झोपते," काडी म्हणाली.

काडी ही वर्गातली सगळ्यांत हलकी मुलगी. उचलून स्ट्रेचरवर ठेवायचं असो की अंथरुणातच अंग पुसायचं असो, रोगी होण्याचा मान तिचा. गेले काही महिने मात्र ती तो टाळत होती. कधी कंबर धरलीय, कधी डोकं चढलंय. आज न बोलावता पलंगावर चढली, गळ्यापर्यंत चादर ओढली आणि चादरीखाली गणवेशाची बटणं सोडली.

त्या गणवेशाखाली पाच महिन्यांचं पोट होतं. नवऱ्याला माहीत होतं. तो "बघू" म्हणाला होता आणि अजून बघतच होता. सासूबाईंना कळलं असतं, तर शिक्षणाची ब्याद परस्पर टळली म्हणून त्यांना कोण आनंद झाला असता. कॉलेजचा नियमही सासूबाईंच्याच बाजूचा: पोट दिसलं की नाव कापलं, मग शेवटची परीक्षा का राहिली असेना. म्हणून ती तपासायला कुठे गेलीच नाही. गावातलं एकुलतं इस्पितळ कॉलेजचंच. तिथली केसपेपर काढणारी बाईसुद्धा तिला ओळखायची. सोमवारपर्यंत पोट आत धरायचं, असं तिनं ठरवलं होतं.

पण परवापासून पोटातलं हालायचं थांबलं होतं.

इतक्या हातांतला एखादा हात तरी काहीतरी सांगेल, एवढंच तिच्या मनात होतं. मग परीक्षा जाईना का.

पहिली आली तोंडपाठ. तिला पुस्तक पानाच्या आकड्यासकट येई, म्हणून हे नाव. तिनं हात चोळून गरम केले, चादरीवर बोटं टेकवली न टेकवली आणि छताकडे बघत म्हणाली, "छत्तीस आठवडे. डोकं खाली. पाठ डावीकडे." मग लाकडी नळीचं एक टोक चादरीला आणि दुसरं कानाला लावलं. "ठोके एकशे चाळीस. नियमित."

"छान," मॅडम म्हणाल्या. त्या खुर्चीत बसून, मांडीवर आत्याबाईंचं पोट घेऊन, कडी वाकवून बघत होत्या.

आत्याबाईंची उत्तरं वर्षानुवर्षं हीच होती. शिवाय एकमेकींचं पोट दाबायचं नाही, असा मुलींचा आपापसांत करार होता. आज मी तुझं दाबलं तर उद्या तू माझं दाबशील. दुसरीलाही छत्तीस आठवडे लागले. तिसरीलाही.

"जरा दाबून बघ ना," काडी चौथीला हळूच म्हणाली.

"गप गं. उद्या मी झोपले की सूड घेशील."

"नाही घेणार. दाब."

तिनं दाबलं, अगदी नावाला. "अगं बाई! काडी, जेवण अंगी लागायला लागलं की तुझ्या! मॅडम, छत्तीस आठवडे."

वर्गात खसखस पिकली. काडीही हसली. एकशे चाळीस, नियमित. एकशे चाळीस, नियमित. शेवटच्या मुलीपर्यंत तिचा त्यावर थोडा विश्वाससुद्धा बसू लागला. इतक्या जणी कशाला खोटं सांगतील?

"सरका. नीट कसं करतात ते बघा आता," म्हणत मॅडम उठल्या. त्यांनी चादरीखाली हात घातला. काडीनं चादर घट्ट धरली, मग सोडली.

हात बेंबीपाशी थांबला. मग अख्खा तळवा टेकला.

"बघा, इथं आपल्याला—" मॅडमनी हात काढला आणि चादर पुन्हा काडीच्या गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाल्या, "सगळ्या नापास. एकीनंही पोटाला हात लावलेला नाही. जा, चहा पिऊन या."

"मॅडम, पण चहाची सुट्टी तर—"

"जा म्हटलं ना."

दार लागलं.

"कितवा?"

"पाच संपले."

"गाढवे. बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही नाव कापलं असतं."

मॅडमनी कापलंच असतं. गेल्या वर्षी दोघींचं कापलं होतं.

"मग आजच कशाला झोपलीस?"

"परवापासून हालत नाहीय."

मॅडमनी नळी उचलली. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं. पंखा बंद करून आल्या आणि पुन्हा ऐकलं. नळी रुमालानं पुसली, जणू दोष तिचाच होता, आणि आणखी खाली लावली. काडी त्यांचा चेहरा वाचायला बघत होती. रोग्यासमोर चेहरा कोरा कसा ठेवायचा हे मॅडमनीच शिकवलं होतं, आणि मॅडम शिकवण्यात चांगल्या होत्या.

"इतक्या लवकर नळीतून कधीकधी ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. तुम्हीच सांगितलं होतंत."

मॅडम ताठ झाल्या. "चल. सोनोग्राफीच्या मशीनवर बघू. मी आहे बरोबर. आणि प्राचार्यांना काय बोलायचं ते बोलू देत, सोमवारी तुला परीक्षेला बसवणार म्हणजे बसवणार! बाईच्या पोटाला भिणारं कॉलेज आईपण काय शिकवणार? असला नियम केला तरी कुणी, तेच बघते!" नियम करणाऱ्या समितीत त्या स्वतःच होत्या, हे ध्यानात यायला अजून अवकाश होता.

काडी उठून बसली. बटणं लावली, एकेक करून, पार गळ्यापर्यंत. मग पलंगावरून पाय सोडून नुसतीच खाली बघत राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "चपला तेवढ्या इकडे सरकवता? मला वाकवत नाही."