पायाखालच्या फळीचा पाळणा

पिराजी सुतारानं आयुष्यात एकच गोष्ट लपवली, आणि तीही चिमूटभर भुशानं.

मुलींच्या शाळेतल्या जुन्या सभागृहाची लाकडी जमीन उचलायचं काम त्याच्याकडं आलं होतं. साठ वर्षांचा साग. तिथं आता फरशी येणार होती. लांब फळ्या लगेच विकल्या गेल्या. उरले हात-दीड हाताचे तुकडे. ते बेकरीच्या भट्टीत जाणार म्हणून कोपऱ्यात टाकलेले. पिराजीनं त्यातला एक उचलला, उगीचच गालाला लावला, आणि तसाच उभा राहिला. मग चार खेपा करून सगळे तुकडे सायकलवरून शुक्रवार पेठेतल्या घरी आणले.

घरात लेक होती. स्वप्नाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि पहिला पाळणा माहेरचाच असतो.

पिराजीनं तुकड्याला तुकडा जुळवला. वापरून झिजलेली बाजू त्यानं मुद्दाम आत घेतली आणि रंधा मारला तो फक्त बाहेरून. पाळणा उभा राहिला तेव्हा बायकोनं, बयाबाईनं, पदर तोंडाला लावला. मग तिला ती दिसली. खिळ्यांची भोकं. मुंग्यांच्या रांगेसारखी, फळीफळीवर.

"ह्ये बघून इहीणबाई इच्यारल्याबिगर ऱ्हायच्या न्हाईत," ती म्हणाली. "पायाखालचं लाकूड म्हनल्यावर आजऱ्याच्या आक्काताई उंबऱ्यातनंच माघारी फिरतील."

पिराजीला ते पटलं. त्यानं भुसा आणि गोंद कालवला आणि एकेक भोक बुजवलं. जावयाचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं, "नवा साग हाय, पावणं."

बाराव्या दिवशी बारसं. स्वप्नालीची सासू आक्काताई सकाळच्या गाडीनं आली. तीस वर्षं आजऱ्यात काजूच्या बिया फोडून तिची बोटं काळी पडलेली, तळवे वाळल्या सालीसारखे खरबरीत. नातीला तिनं मनगटांवर तोलून घेतलं. गालाला बोट मात्र लावलं नाही. सारखी आपली बोटं मुडपून धरत होती.

सोप्याच्या तुळईला पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा सोडलेल्या. रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून बयाबाईनं आधी वरवंटा धुतला, हळदकुंकू लावलं आणि आत ठेवला. वरवंटा घरंगळला. कडेच्या फळीवर ठप्पकन आपटला. आणि सुकलेल्या भुशाचं एक बूच निसटून खाली पडलं, नेमकं आक्काताईच्या पायाशी.

नातीला एका हातावर सावरत तिनं ते उचललं. मग फळीकडं बघितलं.

"पावणं, नव्या सागाला खिळ्याचं भोक कसं वं?"

गाणं म्हणायला जमलेल्या बायकांनी माना वळवल्या. पिराजीनं टोपी काढली, परत घातली.

"जुनं हाय. शाळंतल्या जमिनीचं."

"म्हंजी पायाखालचं?"

"व्हय."

"ज्येच्यावर जग पाय देतंय, त्यात माजी नात निजवायची? आन वरनं नवा साग म्हनून थाप मारायची? आमी आजऱ्याचं म्हंजी काय झाड बघितलं न्हाय व्हय?"

स्वप्नाली भिंतीला टेकून बसली होती. तिनं बापाकडं बघितलं आणि मान खाली घातली. पिराजीला तेवढंच लागलं.

"लाकूड चुकलं न्हाई, इहीणबाई," तो हळू म्हणाला. "बुजवलं, ती चूक माजी. उतरवतो मी."

तो स्टुलावर चढला. बयाबाई झोळीसाठी जुनं लुगडं आणायला उठली. वर दोरीची गाठ सैल झाली तसा पाळणा एका अंगाला कलला. वरवंटा पडतोय असं वाटून आक्काताईनं नात सुनेकडं दिली आणि झटकन हात आत घातला. हाताची मागची बाजू फळीला घासली. तिच्या हातात अजून काही कळणारी तेवढीच जागा उरलेली.

ती थांबली. पुन्हा हात फिरवला. हळूच, कोपऱ्यापर्यंत.

"ह्ये रंध्यानं झालंय?"

"न्हाई," पिराजी वरनंच म्हणाला. "रंध्याला एवढं जमत न्हाई. आतनं मी हत्यारच लावलं न्हाई. साठ वर्सं पोरी अनवानी लेझीम खेळल्यात त्येच्यावर."

"माजेबी पाय हाईत की त्यात, आत्या," स्वप्नाली म्हणाली. "पाचवी ते धावी."

आक्काताईनं सुनेच्या पायांकडं बघितलं. मग स्वतःचे तळवे उलटे करून बघितले.

"माज्या हातापरास मऊ हाय गं," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. पण लगेच मान वर करून कडाडली, "आन तुमी काय वर उभारलाय, देवळात घंटा वाजवाय चढल्यागत? बांधा की गाठ!"

बायका खोखो हसल्या. पिराजीनं गाठ आवळली, खाली उतरला.

"ती बुचं काढा समदी."

"भोकं दिसतील, इहीणबाई."

"दिसू देत की. वारं लागंल पोरीला."

पिराजी पटाशी घेऊन बसला. एकेक बूच निघत गेलं. घुगऱ्या गार झाल्या, पण कुणी उठलं नाही. शेवटचं निघालं तेव्हा आक्काताईनं वरवंटा काढून घेतला आणि नातीला स्वतः आत ठेवलं. गालाखाली ती गुळगुळीत फळी येईल असं. झोका दिला. मग काय सुचलं कोण जाणे, तिनं सूर लावला:

*पयली माझी ओवी गं, पायाखालच्या फळीला,*
*शंभर पैंजण नाचलं, तवा झोका आला कळीला.*

बायकांनी ओवी उचलली. पिराजीच्या मुठीत भुशाची बुचं होती. तो दाराशी गेला आणि ती उंबऱ्याबाहेर झटकून टाकली.