टॉवेलाखाली ठरलेला मदरबोर्ड

मी मदरबोर्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलंत, की ज्याच्यावर बाकीचे सगळे मानकरी बसलेले दिसतात, तो काळा पाट म्हणजे मी. प्रोसेसरला लोक कॉम्प्युटरचं डोकं म्हणतात. मला कुणी काहीच म्हणत नाही. बसायला दिलेल्या पाटाचं कधी कुणी कौतुक केलंय?

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथंच माझ्या अंगावर चिपसेट बसला. चिपसेट म्हणजे घरातला कारभारी. कुणाला किती मोकळीक द्यायची, ते तो ठरवतो. कारभारी झेड मालिकेचा असला, की प्रोसेसरला नेमल्या वेगापेक्षा जोरात पळवता येतं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. माझा कारभारी बी मालिकेचा, अगदी शिस्तीचा. नेमलंय तेवढंच पळायचं, उगाच धाप लागू द्यायची नाही.

धाराशिवच्या एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. शेजारी एक झेड चिपसेटवाला होता. अंगभर लाल-निळे दिवे, चंदेरी पत्रे, नवरदेवाच्या गाडीसारखा नटलेला. माझ्याशी एक शब्द बोलत नसे. दिवे असले की काहींना बोलायची गरज वाटत नाही.

अशात दुकानात शिवप्रिया आली. भूमला तिचा लग्नाच्या व्हिडिओंचा छोटा स्टुडिओ. वाशीच्या एका मोठ्या घरातलं लग्न तिला मिळालं होतं आणि त्याची फिल्म रविवारच्या पूजेला मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. जमलं तर त्या घरातली पुढची सगळी लग्नं तिची. नाही जमलं तर तिच्या जागेवर टपलेले दोघं-तिघं होतेच. तिचा जुना कॉम्प्युटर एक गाणं जोडेपर्यंत जेवण उरकायचं. म्हणून तिनं पळवता येणारा प्रोसेसर आधीच घेऊन ठेवला होता. राहिला होता त्याला शोभणारा बोर्ड.

सोबत तिचे वडील होते, बलभीम. भूमच्या आठवडी बाजारात बैलांची दलाली करण्यात त्यांची हयात गेली. खांद्यावर टॉवेल आणि नजर अशी, की दुकानाच्या दाराचेही दात मोजतील.

युवराज दुकानदारानं आम्हा दोघांना काउंटरवर मांडलं. तेवढ्यात शिवप्रियाचा फोन वाजला. नवरीच्या आत्याचा होता, आपला नाच फिल्ममधून कापू नका म्हणून. "आबा, झेडवाला घ्यायचाय, मी आलेच," म्हणत ती बाहेर गेली. आत्याबाईंचा नाच लांबत गेला.

युवराजनं झेडवाल्याचे दिवे लावून दाखवले. बलभीमनं नाक मुरडलं.

"शिंगं रंगवून, झूल घालून आणलेला बैल म्या कवाच घेतला न्हाय. कायतरी झाकायचं असतंय." मग त्यांनी मला उचललं, तळहातावर तोललं, कडेवरून अंगठा फिरवला. "ह्यो बघा. अंगानं भरलेला, गरीब. डोळ्यात खोड न्हाय."

मला डोळे नाहीत. तरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी बाजाराच्या रीतीप्रमाणं युवराजच्या हातावर टॉवेल टाकला आणि आतून बोटं दाबून भाव सांगितला. युवराजच्या जन्मात असा सौदा झालेला नव्हता. तो इतका गांगरला, की मान हलवून मोकळा झाला.

शिवप्रिया आत आली, तेव्हा टॉवेल परत खांद्यावर गेला होता.

"आबा, ह्यो न्हाय!"

"शब्द दिलाय, पोरी."

चारचौघांत तिनं बापाचा शब्द मोडला नाही. एसटीत मात्र भूम येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

स्टुडिओत तिनं मला जोडलं आणि वेग वाढवायला गेली. आकडा जागचा हलेना. तिनं आणखी एकदा प्रयत्न केला. तिचा प्रोसेसर माझ्या पाटावर बसून नुसता फुरफुरत होता. मला त्याची दया येत होती, पण कारभारी माझंही ऐकत नाही.

"आबा, ह्याला पळायची मोकळीकच न्हाय," ती म्हणाली. "रविवारपतुर फिल्म व्हायची न्हाय. ह्ये काम गेलं, तर लोकांचे अल्बम चिकटवत बसू का मी?"

बलभीमनं टॉवेलाची दशी पिळली.

"बैल बघाया येतोय म्हणून समदंच बघाया येतंय, असं वाटलं मला," ते म्हणाले. "चल. परत न्हेऊ. आजपतुर एक जनावर परत न्हेलं न्हाय म्या, पर चल."

दुकानात युवराजनं डोकं खाजवलं. "काका, वापरलेला चांगला माल मला परत घेता येत नाही. पण हा बिघडलाय, एवढं तुम्ही सांगा. मी तसं कळवतो. कंपनी पैसे देईल, वरचा फरक भरून झेडवाला घेऊन जा."

एकदा बिघडलेला म्हटलं, की माझी रवानगी थेट भंगारात.

"म्हणा की आबा," शिवप्रिया हळूच म्हणाली. "कुणाचं काय जातंय?"

"जातंय की. धडधाकट जनावरावर खोटी खोड लावू? मग माझ्या शब्दावर उद्या बैल कोण घेईल?"

मला हात असते, तर मी त्या माणसाच्या पाया पडलो असतो.

शिवप्रियानं डोळे मिटून घेतले. तिचा रविवार चालला होता हातचा. तेवढ्यात बलभीमची नजर बाकावर बसलेल्या एका गिऱ्हाइकावर गेली. तो उत्तरेश्वर. वाशीला दाखले-उतारे काढून देणारं सेवा केंद्र चालवायचा. जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला म्हणून नवी जोडणी करायला आला होता. बलभीमनं त्याला हाक मारली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात माझी खोड सांगितली.

"ह्यो पळणार न्हाय, आदीच सांगतो. पर जुंपल्यावर बसणारबी न्हाय. मर्जी आसंल तर हात द्या."

उत्तरेश्वर शेतकऱ्याचा मुलगा. त्याला टॉवेल समजावून सांगावा लागला नाही. दोन वेळा बोटं हलली आणि सौदा झाला. त्याच पैशात भर घालून शिवप्रियानं झेडवाला घेतला. त्या दिवेवाल्यानं जातानाही माझ्याकडं बघितलं नाही.

मला देताना बलभीमनं खोक्यातून माझ्यासोबत आलेली, डिस्क जोडायची लाल वायर काढून खिशात घातली.

"काका, ती वायर?"

"जनावर तुमचं, दावं आमचं. बैल इकला तरी दावं देत नसत्यात."

युवराजनं उत्तरेश्वरला लगेच नवी वायर विकली. युवराजची काही तक्रार नव्हती.

आता मी वाशीत आहे. सकाळपासून माणसं रांगेत उभी असतात. कुणाला उतारा हवा, कुणाला उत्पन्नाचा दाखला. सर्व्हर बंद पडतो तिकडं लांब आणि लोक थापट्या मारतात माझ्या डब्याला. उन्हाळ्यात उत्तरेश्वर पंखा स्वतःकडं वळवून घेतो. पण मी अजून एकदाही बसलो नाही.

परवा शिवप्रिया एका दाखल्यासाठी आली. आत्याबाईंच्या नाचासकट फिल्म पडद्यावर गेली आणि त्याच घरातली आणखी दोन लग्नं तिला मिळाली, असं हसत सांगत होती. तेव्हा तुम्हीही बोर्ड घ्यायला गेलात, तर दिवे बघून घेऊ नका आणि वजन बघूनही घेऊ नका. चिपसेट कोणता, एवढं विचारा. आणि न पळणाऱ्याला बिघडलेला म्हणू नका, एवढीच विनंती.

दाखला घेऊन निघताना ती माझ्या डब्याकडं बघून थांबली.

"उत्तरेश्वरदादा, ह्याची ती लाल वायर आठवतीय का? आबांनी गोठ्यातल्या खुंटीला टांगलीय. विकलेल्या बैलांची दावी असत्यात ना, त्यांच्यातच. कुणी आलं की हात लावून दाखवत्यात. म्हणत्यात, ह्यो लई गुणी व्हता."