दंड भरला की झालं?

दंडाची नोटीस पहिल्यांदा आली तेव्हा त्या घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नव्हतं. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यावर चहाचा कप ठेवला गेला! माणसाला सवय कशाचीही होते, आणि वाईट गोष्टीची तर हां हां म्हणता होते.

नोटीस ज्याच्या नावाने होती, त्याला ओळखीचे लोक गमतीने ‘पायलट’ म्हणत. पूर्वी तो समारंभांचे फोटो काढायचा. मग त्याने ड्रोन घेतला आणि बिल्डरांच्या इमारतींच्या फिल्मा करून देऊ लागला. काम उत्तम, हात स्थिर, नजर तयार. एकच गोष्ट त्याला जमत नव्हती, ती म्हणजे थांबणं. धंद्यासाठी ड्रोन उडवायचा तर कुठे, किती उंच आणि कशासाठी हे सांगून सरकारची परवानगी घ्यावी लागते. परवानगी यायला दिवस लागतात, आणि गिऱ्हाईक तर घोड्यावर बसूनच आलेलं असतं. मग तो आधी उडवायचा. सापडला तर दंड, नाही सापडला तर फायदा.

“धंदा म्हटला की खर्च आलाच,” तो हसत म्हणायचा. “पेट्रोल, वीज, दंड.”

त्याच्या घरातच असलेल्या स्टुडिओच्या खालच्या गाळ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. आईवडिलांच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे बोलायचा हक्क तिने कधी सोडला नव्हता.

“दंड म्हणजे काय सिनेमाचं तिकीट आहे का रे? भरलं की खुर्चीत जाऊन बसायला?”

“अगं ताई, सगळे असंच करतात.”

“सगळ्यांनी डोळे मिटले म्हणून खड्डा बुजतो का? परवानगी मागतात ती तुला छळायला नाही. खाली माणसं असतात म्हणून!”

“माझ्या हातून आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही,” तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. म्हणूनच तो निर्धास्त होता.

दुसऱ्या नोटिशीनंतर त्याने दंड भरला आणि दोन गोष्टी केल्या. बंदी असलेल्या भागात ड्रोन उडूच नये म्हणून त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कुलूप असतं. ते त्याने एका दुरुस्तीवाल्याकडून काढून घेतलं. आणि ड्रोनवरचा नोंदणी क्रमांक ब्लेडने खरवडून टाकला. त्याची बायको शेजारीच संगणकावर फिल्मची कापाकापी करत बसली होती. ती उठून आली.

“अहो, नंबर का खरवडताय?”

“ज्याला नावच नाही, त्याला नोटीस कुणाच्या नावाने काढणार?”

तो आपल्याच विनोदावर हसला. ती हसली नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका बिल्डरच्या माणसाचा फोन आला. नव्या टोलेजंग इमारतीची फिल्म हवी होती, आणि ती आजच. इमारतीच्या पाठीमागे छोट्या कारखान्यांची दाट वस्ती होती. त्या भागात बिनपरवाना उड्डाणाला सक्त मनाई होती. पायलटने खिडकीतून वर पाहिलं. आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं, समोरच्या गच्चीवरच्या चादरी दोरीला हिसके देत होत्या.

“वारा आहे,” तो फोनवर म्हणाला.

“मग दुसरा कुणी बघतो,” पलीकडून उत्तर आलं.

एवढं पुरलं. हातात येईल ती बॅटरी घेऊन तो घाईघाईने निघाला.

अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहून त्याने ड्रोन वर सोडला. पहिली काही मिनिटं सुरेख गेली. मग वाऱ्याचा एक जबरदस्त झोत आला. हातातल्या पडद्यावरची इमारत तिरकी झाली, सरकली, नाहीशी झाली. तो रिमोटची कांडी खेचत राहिला. पडद्यावर पत्र्याचं एक छप्पर झपाट्याने मोठं होत आलं आणि चित्र तिथेच गोठलं. ‘संपर्क तुटला.’

संपर्क तुटला की ड्रोनने आपोआप परत यायला हवं. पायलट आभाळाकडे बघत उभा राहिला. घूं घूं असा आवाज कुठूनच येईना. त्या दुरुस्तीवाल्याने कुलूप काढता काढता परत येण्याची सोयही बिघडवून ठेवली होती, हे त्याला तेव्हा कळलं.

त्याने बिल्डरच्या माणसाकडे वळून पाहिलं. तो जिन्याकडे निघालाही होता.

“हे बघा,” तो मागे न बघता म्हणाला, “आम्ही तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही इथे आलाच नव्हता.”

पायलट घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच बायकोने काम थांबवलं. त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “पडला असेल कुठेतरी रिकाम्या जागेत. नंबर नाही त्याच्यावर. आपल्यापर्यंत कुणी येणार नाही.”

“आणि रिकाम्या जागेत नसेल पडला तर?”

तो वळला, खिडकीशी जाऊन उभा राहिला. लांबवर एक भोंगा वाजला, तशी त्याची पाठ ताठ झाली. ॲम्ब्युलन्स होती, दुसऱ्याच रस्त्याने गेली. फोन वाजला की तो दचकायचा. कुणी तरी विमा घ्या म्हणत होतं, कुणी तरी फोटोंचे भाव विचारत होतं. जग नेहमीसारखं चाललं होतं आणि त्याचं त्याला जास्तच भय वाटत होतं. कळवावं का? कळवलं तर तिसरा गुन्हा, दंड कितीतरी पटीने जास्त, लायसन्स जाणार, ड्रोन जप्त. दोन्ही बाजू तो तोलत राहिला आणि घड्याळ पुढे सरकत राहिलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बायकोची हाक आली. आवाज बदललेला होता.

“अहो! कोपऱ्यातल्या डब्यातली बॅटरी कुठाय?”

ती दारात उभी होती. तिच्या हातात वाळूचा डबा होता आणि वाळूत मधोमध चौकोनी खळगा.

“ती फुगलेली बॅटरी मी वेगळी काढून वाळूत ठेवली होती, पेट घेऊ नये म्हणून. फेकायची होती ती. तुम्हाला सांगितलंही होतं. ती नेलीत?”

“घाईत हाताला लागली ती नेली,” पायलट म्हणाला. फुगलेल्या बॅटरीला मार बसला तर ती लगेच पेटतेच असं नाही. कधी कधी तासभर आत धुमसत राहते आणि मग भडकते. हे तोच गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत असे.

बायकोने त्याच्या हातातून रिमोट घेतला. गोठलेलं शेवटचं चित्र मोठ्या पडद्यावर लावून ती ते इंचाइंचाने बघू लागली. निळसर पत्रे, एक वाकलेली पन्हाळ, आणि कडेच्या अंगणात पिवळ्या फिक्या लाद्यांच्या थप्प्या. काय असावं ते दोघांनाही कळेना. तिने जिन्यातून हाक मारली, तशी ताई हातातलं कापड तसंच धरून वर आली. पडद्यावर नजर जाताच ती म्हणाली, “अरे, हा तर आपला फोमवाला! गाद्यांचा कारखाना. मी अस्तराचा फोम तिथूनच आणते. का, काय झालं?”

तिला सांगितलं. ताईच्या हातातलं कापड खाली पडलं.

“त्या पत्र्याखाली पंधरा-वीस बायका शिवायला बसतात. चहूकडे फोम. ठिणगी पडली तर दारापर्यंतसुद्धा पोचायच्या नाहीत!”

तिने लगेच कारखान्याला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. जेवणाच्या सुट्टीमुळे तिथे फोनपाशी कुणी नसावं.

“अग्निशमन दलाला फोन कर,” ताई म्हणाली.

“ताई, माझ्या नंबरवरून गेला तर...”

“तर काय? दंड होईल?”

“सगळं जाईल गं! धंदाच बंद पडेल.”

ताईने आवाज चढवला नाही. त्यामुळेच तिचं बोलणं जास्त लागलं. “पहिला दंड झाला तेव्हा सरकार तुला सांगत होतं, बाबा रे, सांभाळ. दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. तू पैसे टाकलेस आणि सांगणाऱ्याचं तोंड बंद केलंस. आता तिसऱ्यांदा सांगायला कोण येणार आहे, ते डोळ्यांपुढे आण. फोन मीही करू शकते. पण मग जन्मभर तुला हेच आठवत राहील की तो तू केला नाहीस!”

 बायकोने त्याचा फोन उचलून त्याच्यासमोर धरला.

आणि त्याने नंबर लावला! त्याने आपलं नाव सांगितलं, ठिकाण सांगितलं, बॅटरीचं सांगितलं. “ड्रोन माझा आहे. परवानगी नव्हती,” हेही सांगितलं.

तिघं गाडीत बसून कारखान्याकडे धावले. गल्लीच्या तोंडाशीच जळक्या प्लॅस्टिकचा घशाला बोचणारा वास आला. अग्निशमन दलाची गाडी पुढे पोचली होती. अंगणातल्या एका थप्पीतून काळा धूर निघत होता आणि दोन जवान तिच्यावर पाणी मारत होते. रस्त्याच्या कडेला कारखान्यातल्या बायका एकमेकींना बिलगून उभ्या होत्या. कुणी खोकत होतं, कुणी नावं घेऊन मैत्रिणी मोजत होतं.

“सगळ्या बाहेर आहेत ना?” ताईने एकीला विचारलं.

“सगळ्या आहेत. पण आमच्या एकीचा हात गेला हो!”

घडलं ते असं. जेवणाच्या सुट्टीत पन्हाळीत अडकलेलं ते यंत्र एका शिवणारणीला दिसलं होतं. कुणाचं तरी महागाचं असेल, पावसात खराब होईल, काढून ठेवू, विचारत येतील ते, असं म्हणून ती शिडी लावून चढली. यंत्र हातात घेऊन ती खाली उतरली आणि आत जाऊन ठेवणार, तोच ते हातातच फुत्कारलं. आत चारी बाजूंना फोम, मैत्रिणी पाठीमागे. तिथे ते हातातून सोडलं असतं तर सगळंच संपलं होतं. ती तशीच पेटत्या यंत्रासकट दाराबाहेर पळाली आणि अंगणात तिने ते भिरकावलं. एका थप्पीला आग लागलीच, पण अग्निशमनाची गाडी आधीच निघालेली असल्यामुळे आग आत शिरण्याआधी आटोक्यात आली.

पायलट जळून वितळलेल्या त्या काळ्या गोळ्याकडे बघत उभा राहिला. अधिकारी आले. त्यांनी विचारायच्या आत तो पुढे झाला.

“माझा आहे,” तो म्हणाला.

पुढे व्हायचं ते झालं. मोठा दंड झाला, लायसन्स निलंबित झालं, खटला उभा राहिला. कुलूप काढणारा दुरुस्तीवाला आणि घाई करणारा बिल्डरचा माणूस, दोघांबद्दलही त्याने जबाबात खरं ते सांगितलं. वकील म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. तो म्हणाला, मारून घेऊ द्या.

पण त्याची खरी सुनावणी झाली ती इस्पितळात. ताई आणि बायको दाराशी थांबल्या आणि तो एकटाच खाटेजवळ गेला. त्या बाईचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता. वयाने ती त्याच्या बायकोएवढीच असेल.

“मला माफ करा,” तो म्हणाला. “मीच तो.”

तिने त्याला खालीवर न्याहाळलं.

“माफीचं नंतर बघू. आधी एक सांगा. ते यंत्र आमच्या पत्र्यावर पडलं, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना? मी वर चढले ती त्याच्यानंतर बऱ्याच वेळाने. तेवढा वेळ तुम्ही काय करत होतात?”

खोटं बोलायला हजार सबबी होत्या. त्याच्या तोंडून खरं तेच निघालं.

“दंड किती होईल, याचा विचार करत होतो.”

 तिने विचारलं, “भरला का?”

“भरला.”

“म्हणजे तुमचं मिटलं,” ती म्हणाली आणि पट्ट्यांतून डोकावणाऱ्या, वाकत नसलेल्या बोटांकडे बघू लागली. “मी सुई धरत होते या हाताने.”

  तिच्या उपचारांचा भार त्याने उचलला आहे. निलंबन संपलं तरी परवानगी हातात आल्याशिवाय त्याचा नवा ड्रोन पेटीतून बाहेर निघत नाही. थांबायला तयार नसलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, तो जाऊ देतो. आपल्या धंद्यातल्या माणसांना तो ही हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि सांगताना एकाही शब्दाने स्वतःला सोडवून घेत नाही. त्या बाईची बोटं मात्र अजून पूर्ण वाकत नाहीत.

वाचकहो, ड्रोन तुमच्या-माझ्याकडे नसेलही. पण ‘सापडलो तर दंड भरून टाकू’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांच्या ओठांवर असतं! सिग्नल तोडताना, गल्लीत उलटी गाडी घालताना, इमारतीची आगीतून सुटायची वाट सामान टाकून अडवताना. दंड ही चुकीची किंमत नव्हे, ती भरून चूक विकत घेता येत नाही. दंड ही हाक असते, पुढे धोका आहे म्हणून मारलेली. ती ऐकायची असते. कारण दंडाचे पैसे सरकार आपल्याकडून घेतं, पण आपल्या बेपर्वाईची खरी किंमत ज्याच्याकडून वसूल होते, त्याला कुणीही नोटीस पाठवलेली नसते!