कोंबड्यांच्या शेडमधली औषधाची टाकी

ऐका हं मित्रांनो, मी पाण्याची टाकी आहे, पण गच्चीवर ऊन खात बसणाऱ्यांतली नव्हे. कोंबड्यांच्या लांबलचक शेडच्या टोकाला, लोखंडी घोडीवर बसवलेली मी बेताच्या आकाराची काळी टाकी. माझ्या पोटातलं पाणी बारीक नळीतून शेडभर जातं आणि पिल्लांनी चोच मारली की थेंब थेंब पडतं. आता मी जुनी झाले. झाकण धड बसत नाही, तोटी गळते. डोकं मात्र ठिकाणावर आहे.

प्लॅस्टिकची भुकटी तापत्या साच्यात गरागरा फिरवून मला घडवलं. तिथून मी थेट इथे आले. मालक धंद्यात नवे होते. पहिल्याच खेपेला पिल्लं पटापट मरायला लागली. मालकीणबाई रोज सकाळी मेलेली पिल्लं टोपलीत गोळा करायच्या. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आजार ओळखला आणि माझ्या पाण्यात औषध मिसळायला सांगितलं, ठरलेलं माप, ठरलेले दिवस. काय सांगू, पिल्लं उठून धावायला लागली! मालकांनी माझ्या अंगावर थाप मारली. "ही टाकी पावली बरं का आपल्याला!" मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण इथेच घोड्याने पेंड खाल्ली. आजारात औषध एवढं चालतं, तर आजार नसतानाच दिलं की आजार फिरकणारच नाही, असं मालकांनी मनाशी धरलं. धडधाकट पिल्लांच्या पाण्यातही औषध पडू लागलं. तेही जपून, थोडं थोडं, नजरेच्या अंदाजाने. पिल्लं लवकर अंग धरायला लागली म्हणून मालक आणखीच खूश.

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझं झाकण उघडून पाहिलं आणि त्या भडकल्याच.

"अहो दादा, आजारी कोण आहे इथे?"

"कोणीच नाही, ताई. होऊ नये म्हणून देतोय."

"जंतू कोट्यवधी असतात, दादा. काही औषधं त्यांच्या अंगाभोवतीची भिंत फोडतात, काही त्यांची वाढच थांबवतात. पण त्या कोट्यवधींत एखादा जन्मतःच वेगळा निघतो. औषध आत आलं की तो बाहेर फेकतो, नाहीतर त्याचे तुकडे करतो. तुम्ही चिमूट चिमूट औषध देऊन गरीब जंतू मारताय आणि त्या दांडगटाला रान मोकळं करून देताय. त्याची पिल्लावळही तशीच होणार. वर तो आपली युक्ती शेजारच्या जंतूंनाही देतो, अगदी वेगळ्या प्रकारच्यासुद्धा."

"म्हणजे माझ्या शेडमध्ये जंतूंची शाळा भरते म्हणा की!" मालक हसले.

"हसा. निकाल लागला की कळेल."

पालथ्या घड्यावर पाणी! पुढे जुनं औषध लागू पडेना, तेव्हा औषधांच्या दुकानदाराने एक पांढरा डबा दिला. "जबरदस्त आहे, सगळ्यांच्या वरचं." तेही माझ्यात पडू लागलं. नको म्हणायला मला मेलीला वाचा कुठे?

मग एके दिवशी शेडमधला भुसा ओढताना मालकीणबाईंच्या उजव्या तळहातात जाळीची तार घुसली. त्यांनी फडक्याने रक्त पुसलं, "काही होत नाही" म्हणत पुन्हा खोरं उचललं. हात सुजला. ताप चढला. दवाखान्यात एक औषध झालं, दुसरं झालं, सूज वर वर सरकत राहिली. मालक शेडवर येत, दाणा टाकत आणि फोनवर बोलत, ते मला ऐकू येई. जखमेतले जंतू तपासले होते. नेहमीचं एकही औषध त्यांना बाधत नव्हतं. शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं एकच उरलं होतं. मालक त्याचं नाव डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेत होते, दुकानोदुकानी शोधायचं होतं ना! नाव घोकता घोकता त्यांची नजर माझ्या शेजारच्या फळीवर गेली.

त्यांनी पांढरा डबा उचलला, डोळ्यांजवळ धरला, वाचला. नाव तेच होतं. फोनमधून कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

"डॉक्टर," शेवटी ते म्हणाले, "हे औषध आहे माझ्याकडे. कोंबड्यांना पाजतोय. कित्येक महिने."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. मालकांकडे बघवत नव्हतं.

औषध देऊन पाहिलं. नाही लागू पडलं. जीव वाचवायचा म्हणून मालकीणबाईंचा उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला.

मित्रांनो, औषधाला नावं ठेवू नका. त्याने उठलेली पिल्लं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. पण ते आजारासाठी असतं, भीतीसाठी नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच घ्या, सांगतील तितकंच घ्या. घरी नाक वाहायला लागलं की कोणाचीतरी उरलेली गोळी गिळू नका. हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत.

नवी पिल्लं आली त्या दिवशी मालकीणबाई घरून शेडवर आल्या. एक बाही रिकामी होती. मालकांनी मला घासून घासून धुतलं होतं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ते दांडगट जंतू भुशात असतील, गटारात असतील, कोण सांगणार?

"अगं, शेजारच्या शेडमधली पिल्लं शिंकतायत म्हणे," मालक चाचरत म्हणाले. "आपल्याकडे आलं म्हणजे?" दुकानदाराने दिलेली नवीकोरी बाटली त्यांच्या हातात होती. एवढं होऊनही!

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डावा हात पुढे केला.

"आलं तर डॉक्टरीणबाईंना बोलवू. ती बाटली द्या इकडे, अहो. माझ्याकडे आता हा एकच उरलाय."