विहिरीच्या गाण्याचा पहिला नंबर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एका मुलीचा आवाज माझ्याकडे सांभाळायला दिला होता, आणि तो माझ्याच पोटात चुरगळून गेला. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगितलं नाही तर ती मुलगी कशी बोलत होती हे कुणाला कधीच कळणार नाही.

मी बारामतीच्या एका दुकानात काचेच्या कपाटात बसून होतो. १९९४ सालच्या उन्हाळ्यात गंगाराम गुरुजींनी मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर ठेवून आपल्या गावी, सणसरला आणलं. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. त्यांच्या घरात पत्नी शालनबाई, नुकताच अकरावीत गेलेला बुद्धघोष आणि नववीतली अंजली अशी माणसं होती. मला दोन कप्पे होते. एका कप्प्यात कॅसेट वाजायची आणि दुसऱ्यात वाजायचीही आणि आवाज भरताही यायचा. गुरुजी सकाळी भीमगीतं लावत. पाठ्यपुस्तकातल्या कविता स्वतःच्या आवाजात भरून त्या वर्गात ऐकवत. शालनबाईंनी माझ्यासाठी निळ्या कापडाचा अभ्रा शिवला होता. दर रविवारी गुरुजी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून माझं डोकं आणि आतलं रबरी चाक पुसत. मित्रांनो, इतकी काळजी पुढे माझी कुणीच घेतली नाही.

त्या वर्षी बुद्धघोषला कॉलेजातल्या एका मित्राने दोन कॅसेटी दिल्या. कव्हरवर चार लांब केसांची गोरी माणसं एका धक्क्यावर उभी होती. त्या बँडचं नाव होतं 'सॉल्ट हार्बर'. अंजलीने शब्दकोश काढून त्याचं 'मिठाचं बंदर' करून टाकलं. ती गाणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची होती. इंग्रजी शब्द दोघांनाही धड कळत नसत, म्हणून त्यांनी गाण्यांना आपली नावं दिली. एक गाणं सुरुवातीला दमत दमत चढायचं आणि मग सुसाट सुटायचं, ते 'घाटाचं'. दोन गिटारी एकमेकींच्या अंगावर धावून जायच्या, ते 'भांडणाचं'. एकात गाणाऱ्याचा आवाज खोलातून घुमत यायचा, ते 'विहिरीचं'. अशी वीस गाणी होती.

दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी एक खेळ काढला. दुपारी जेवणं झाली की वीस गाण्यांचे नंबर लावायचे आणि प्रत्येक नंबरामागचं कारण सांगायचं. माझ्या एका कप्प्यात गाणं वाजायचं. ते संपलं की दुसऱ्या कप्प्यातल्या कोऱ्या कॅसेटवर दोघांची कारणं भरली जायची. बुद्धघोष रेडिओवरच्या निवेदकासारखा घसा खाकरून बोलायचा. अंजली माझ्या जाळीजवळ तोंड आणून हळू बोलायची.

बुद्धघोषचा पहिला नंबर कायम 'भांडणाचं'ला असायचा. अंजलीचा 'विहिरीचं'ला.

"काय हाय त्यात? ढोल बी धड वाजत न्हाय," तो म्हणायचा.

"दादा, शेवटच्या कडव्याआधी तो श्वास घेतो बघ. त्याला पुढं गायचंच न्हाय. तरीबी गातो. तो श्वास ऐक," अंजली म्हणाली होती.

बुद्धघोषने गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. त्याने तो श्वास ऐकला. मला ठाऊक आहे, कारण त्याने ती जागा लागोपाठ पाच वेळा वाजवली होती. पण नंबर काही बदलला नाही.

'भांडणाचं'बद्दलही तिचं वेगळंच मत होतं. "त्या भांडत न्हाईत. एक बोलती आन दुसरी ऐकती. मग दुसरी बोलती," असं ती म्हणाली.

स्वयंपाकघरातून शालनबाई विचारायच्या, "त्या गोऱ्यांचा निकाल लागला का न्हाय अजून?" आणि मग तिघंही हसायची.

अशा चार सुट्ट्या झाल्या. चारही सुट्ट्यांची बोलणी एकाच कॅसेटवर होती. अंजलीने त्यावर शाईने 'नंबर' एवढंच लिहिलं होतं.

मग बुद्धघोष इंजिनिअर व्हायला पुण्याला गेला. अंजलीलाही दहावीला आणि बारावीला चांगले मार्क पडले. तिला पुण्याला जाऊन इंग्रजी शिकायचं होतं. गुरुजींनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "पोरीला एकटीला तिकडं कसं ठेवायचं?" अंजलीने पुन्हा विचारलं नाही. पुढे तिचं लग्न झालं. ती लोणी भापकरला गेली आणि तिथे अंगणवाडीताई झाली. मी सणसरलाच कपाटावर राहिलो. अभ्रा विरला. कापसाचा बोळा थांबला. गुरुजींची गाणीसुद्धा मोबाइलवर वाजू लागली.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बुद्धघोष गाडी घेऊन आला. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. त्याने मला खाली काढलं, धूळ झटकली आणि 'नंबर'ची कॅसेट घातली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला वीज मिळाली आणि मी वाजलो! थोडा घरघरलो, पण वाजलो. अंजलीचा पंधरा वर्षांचा आवाज त्या खोलीत पुन्हा आला. बुद्धघोष वही घेऊन बसला. तो कॅसेट थांबवायचा, लिहायचा, पुन्हा लावायचा. दोन दिवस तो लिहीतच होता. मला वाटलं, बहिणीच्या आठवणीने लिहितोय. मी मनातून फार सुखावलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. कॅसेट चालू असतानाच मी बंद पडलो. त्याचं बहुतेक लिहून झालं होतं आणि परत जायची घाई होती. त्याने माझी वायर काढली, मला उचलून कपाटावर ठेवलं आणि तो निघून गेला. माझं वाजवायचं बटण तसंच खाली दाबलेलं राहिलं. कॅसेटही आतच राहिली.

यात काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. बटण दाबलेलं असलं की आतलं रबरी चाक लोखंडी दांडीवर घट्ट दाबून बसतं. वीज असेपर्यंत ते फिरतं, म्हणून चालतं. पण महिनोन्महिने ते एकाच जागी दाबून राहिलं, तर त्याला खड्डा पडतो. उन्हाळ्यात रबर चिकटही होतं. मला हे सगळं कळत होतं, पण बटण वर उचलायला मला हात नव्हते.

तिकडे पुण्यात बुद्धघोषने मोबाइलवर लोकांसाठी रोज एका गाण्यावर लिहायला सुरुवात केली. विसाव्या नंबरापासून पहिल्यापर्यंत. लोकांना ते इतकं आवडलं की त्याला एका सभागृहात बोलायला बोलावलं. त्या भाषणाचा व्हिडिओ गुरुजींच्या मोबाइलवर आला.

त्याच वर्षी दिवाळीत अंजलीताई माहेरी आली होती. आई-लेकी गवार निवडत बसल्या होत्या. गुरुजी कौतुकाने मोबाइल घेऊन आले. "अंजू, दादा बघ कसा बोललाय," म्हणाले आणि त्यांनी व्हिडिओ लावला.

बुद्धघोषने पहिला नंबर 'विहिरीचं'ला दिला होता. तो सांगत होता, "शेवटच्या कडव्याआधी गायक श्वास घेतो. त्याला पुढे गायचंच नाही. तरीही तो गातो." सभागृहात टाळ्या झाल्या. मग कुणीतरी त्याला विचारलं, "असं ऐकायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

तो हसून म्हणाला, "कुणीच नाही. आमच्या घरात हे कळणारं कुणी नव्हतं. मी एकटाच ऐकत बसायचो."

अंजलीताईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आबा, पुन्हा लावा," ती म्हणाली. गुरुजींनी पुन्हा लावलं.

"हे माझं हाय," ती म्हणाली. "हे मी बोलले होते. नंबर बी माझाच हाय."

गुरुजी गोंधळले. "लहानपणी तुमी दोघं कायतरी बोलायचा खरं. पण कोण काय म्हणालं, हे आता कुठं ध्यानात हाय?"

"त्याला हाय की ध्यानात," असं म्हणून अंजलीताई उठली आणि तिने मला कपाटावरून उतरवलं. कॅसेट आतच आहे हे तिला काचेतून दिसलं. तिने दाबून राहिलेलं बटण सोडवलं, वायर लावली, कॅसेट मागे फिरवून सुरुवातीला आणली आणि बटण पुन्हा दाबलं.

मी सगळा जोर लावला, मित्रांनो. पहिला शब्द आला, "दादा...", आणि मग खड्डा पडलेलं ते चिकट चाक फीत पुढे सोडेना. फीत त्याच्याभोवती गुंडाळू लागली. अंजलीताईचा आवाज जाड झाला, लांबला आणि बुडाला. तिने बटण बंद करेपर्यंत चुरगळलेल्या फितीचा मोठा गुंता माझ्या पोटात झाला होता. तिने तो हलक्या हाताने सोडवायचा प्रयत्न केला. तीन ठिकाणी फीत तुटली.

ती रडली नाही. तिने तुटकी कॅसेट रुमालात बांधून गुरुजींच्या हातात दिली आणि राहिलेली गवार निवडून टाकली. संध्याकाळच्या गाडीने ती लोणी भापकरला परत गेली. खरं तर ती चार दिवसांसाठी आली होती.

गुरुजींनी बुद्धघोषला फोन लावला. तो आधी म्हणाला, "आबा, लहानपणीचं बोलणं ते. एवढं काय त्याचं?"

"तू दोन दिवस कॅसेट ऐकून लिहीत बसला होतास. मी चहा आणून देत होतो तुला," गुरुजी म्हणाले. "कुणाचा आवाज होता तो?"

"तिला पुण्याला पाठवलं न्हाय ती चूक माझी," उत्तराची वाट न बघता गुरुजी पुढे म्हणाले. "पण घरात कळणारं कुणी न्हवतं, हे तू कसं म्हणालास रे?"

पुढच्या रविवारी बुद्धघोष आला. मला आणि रुमालातल्या कॅसेटला घेऊन तो बारामतीत आबाजी नावाच्या कारागिराकडे गेला. आबाजी पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करत. आता त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात. त्यांनी चष्मा लावून फीत उलगडली आणि मान हलवली.

"चुरगळलेलं काय वाजत न्हाय, साहेब. चांगले तुकडे तेवढे जोडून देतो," ते म्हणाले. त्यांनी माझं चाकही बदललं. त्यांच्याकडे डब्यात एक शेवटचं उरलं होतं.

तासाभराने त्यांनी कॅसेट लावली. सुरुवातीला नुसती खरखर आली. मग तरुण बुद्धघोषचा आवाज आला, अगदी स्वच्छ: "अंजे, तू गप बस. पहिला नंबर मी सांगणार." त्यानंतर त्याचीच कारणं. मग एक जोड, आणि पुन्हा तोच. अंजलीचे तुकडे गेले होते. तिचा बराचसा भाग चाकात सापडला होता, आणि ती हळू बोलायची, म्हणून उरलेलं खरखरीत बुडून गेलं होतं. कॅसेट संपेपर्यंत बुद्धघोष आबाजींच्या स्टुलावर बसून राहिला.

तिथून तो तसाच लोणी भापकरला गेला. अंजलीताई अंगणवाडीतून नुकतीच घरी आली होती. तिने भावाला पाणी दिलं. तो म्हणाला, "माझं चुकलं, अंजू. मी सगळ्यांना सांगणार आहे, तुझं नाव घालून."

"सांग की," ती म्हणाली. "सांगायलाच पायजे."

"आणि तू पुन्हा बोल. मी नवी कॅसेट आणलीय. वीसच्या वीस गाण्यांची कारणं सांग. जशी तेव्हा सांगितलीस तशी."

त्याने मोबाइलवर 'विहिरीचं' लावलं आणि माझं लाल बटण दाबलं. मी नव्या चाकाने मन लावून फिरत होतो. गाणं शेवटच्या कडव्याशी आलं, तो श्वासही आला. बुद्धघोष बहिणीकडे बघत राहिला. गाणं संपलं.

अंजलीताई म्हणाली, "दादा, मला आता काय बी सुचत न्हाय. गाणं चांगलं हाय. पण तवा काय काय ऐकू यायचं, ते आता येत न्हाय. कुणी विचारलंच न्हाय इतकी वर्षं."

ती चहा टाकायला आत गेली. बुद्धघोषला बटण बंद करायचं भान राहिलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तेवढाच मी भरून घेतला.

त्याने शब्द पाळला. त्याने लिहिलं की ही वीस कारणं माझी नाहीत, माझ्या धाकट्या बहिणीची आहेत, आणि मी ती न विचारता घेतली. काहींनी त्याला नावं ठेवली, काहींनी शाबासकी दिली आणि बरेच जण पुढच्या विषयाकडे गेले. अंजलीताईने ते वाचलं. तिने त्याला फोनही केला आणि त्याच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी केली. दोघं आता पूर्वीसारखीच बोलतात. फक्त गाण्यांवर बोलत नाहीत.

मला बुद्धघोषने तिच्याकडेच ठेवलं. मी फळीवर असतो आणि क्वचित वाजतो. ती रागावून माझ्याकडे कधी बघत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी हळू आवाजात बोलणारं असेल. तुमची बहीण असेल, आजोबा असतील. त्यांच्याकडून एखादी गोष्ट कळली, तर ती चारचौघांत सांगताना आधी त्यांचं नाव घ्या. आणि त्यांना विचारत राहा. यंत्राचं चाक आबाजींसारख्या माणसाकडे एखाद वेळी डब्यात मिळून जातं. पण अंजलीताईला तेव्हा जे ऐकू यायचं, ते तिला परत कुठे मिळेल, हे मला माहीत नाही.